दुसरा अलेक्झांडर आणि १८६१: भूदासांना मुक्ती मिळाली, मग दंगे का उसळले?

वाचनवेल्हाळ (मूळ धागा)

रशियाच्या दुसऱ्या अलेक्झांडरबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात एक ओळ ठरलेली असते: १८६१ साली त्याने सुमारे सव्वादोन कोटी भूदासांना (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना) मुक्त केलं. पुढच्याच परिच्छेदात शेतकऱ्यांचे दंगे, विद्यार्थ्यांचा असंतोष आणि १८८१ सालची त्याची हत्या येते. मधला दुवा कोणी सांगत नाही. तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

पहिली: मुक्तीविरुद्ध जमीनदारांनी बंड केलं असतं तर ते कळण्यासारखं होतं. पण एप्रिल १८६१ मध्ये बेझ्दना गावात सैन्याने ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते तर मुक्त झालेले शेतकरी होते. जाहीरनामा निघून दोन महिनेही झाले नव्हते. हे का घडलं?

दुसरी: जमिनीसाठी '४९ वर्षांचे हप्ते' भरावे लागले, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते प्रत्यक्षात किती, कोणाला आणि कसे भरायचे?

तिसरी: १८८१ चा बॉम्ब म्हणजे याच शेतकरी असंतोषाचं शेवटचं टोक मानायचं का?

शिवाय एकाच घटनेच्या दोन तारखा दिसतात, तो घोळही कोणीतरी सोडवा.

---

खतावणी

तारखांचं आधी मिटवू. तेव्हाचा रशिया जुलियन पंचांग पाळत होता आणि एकोणिसाव्या शतकात ते आपल्या आजच्या कॅलेंडरच्या १२ दिवस मागे होतं. १९ फेब्रुवारी १८६१ म्हणजे आजच्या हिशेबाने ३ मार्च. १ मार्च १८८१ म्हणजे १३ मार्च. खालच्या सगळ्या तारखा रशियातल्या जुन्या पंचांगाच्या आहेत.

मी फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

जमिनीची किंमत बाजारभावावरून ठरली नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती ठरली खंडावरून. १८६१ पूर्वी भूदास जमीनदाराचं देणं दोन रीतींनी फेडत. एक वेठ, म्हणजे आठवड्यातले ठरावीक दिवस जमीनदाराच्या शेतावर राबणं. दुसरी रोख खंड. नव्या कायद्याने पूर्ण वाट्याच्या जमिनीसाठी (त्या भागात एका पुरुषाला जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या जमिनीसाठी) दर पुरुषामागे वर्षाचा खंड ठरवून दिला: राजधानी सेंट पीटर्सबर्गलगत १२ रूबल, मॉस्को-यारोस्लाव्हलसारख्या कारखानदारीच्या प्रांतांत १०, बऱ्याच इतर ठिकाणी ९, काही भागांत ८.

आता १० रूबल खंडाचं उदाहरण घ्या. हे १० रूबल म्हणजे ६ टक्के व्याज आहे असं मानायचं आणि मागचं मुद्दल काढायचं. ते येतं १६६ रूबल ६७ कोपेक. ही त्या वाट्याची विमोचन-रक्कम, म्हणजे जमीन सोडवून घेण्याची किंमत. पूर्ण वाटा असेल तर त्यातले ८० टक्के, म्हणजे १३३ रूबल ३३ कोपेक, सरकार जमीनदाराला देणार. उरलेले ३३ रूबल ३४ कोपेक शेतकऱ्यांनी थेट जमीनदाराला द्यायचे, रोख किंवा ठरेल तशा कामाच्या रूपात. सरकारने दिलेले १३३.३३ हे शेतकऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज. त्यावर वर्षाला ६ टक्के, म्हणजे ८ रूबल, ४९ वर्षं. एकूण ३९२ रूबल. ६ टक्क्यांत व्याज आणि मुद्दलाची फेड दोन्ही धरलेलं होतं, म्हणूनच मुदत एवढी लांबली.

इथे एक बारीक पाचर आहे. खंड जमिनीवर सारखा पसरलेला नव्हता. काळ्या मातीच्या पट्ट्याबाहेर १० रूबलांपैकी ५ रूबल पहिल्याच देस्यातिनावर (१ देस्यातिना = सुमारे २.७ एकर), अडीच रूबल दुसऱ्यावर आणि उरलेले अडीच बाकीच्या सगळ्या जमिनीवर मिळून. समजा त्या भागात पूर्ण वाटा ४ देस्यातिनांचा आहे आणि शेतकऱ्याला २ च मिळाले. जमीन निम्मी, पण खंड साडेसात रूबल, म्हणजे पाऊणपट. विमोचन-रक्कम १२५ रूबल. कमी वाट्याला सरकार ७५ टक्केच देई, म्हणजे ९३ रूबल ७५ कोपेक. ३१ रूबल २५ कोपेक शेतकऱ्याने थेट द्यायचे. वार्षिक हप्ता सुमारे ५ रूबल ६२ कोपेक. म्हणजे जमीनदाराने जमीन कापली की उरलेल्या जमिनीचा दर आपोआप चढायचा.

आणि कापण्याची सोय कायद्यातच होती. प्रत्येक भागासाठी कमाल आणि किमान वाटा ठरला होता, किमान हा कमालच्या एक तृतीयांश. काळ्या मातीबाहेर कमाल वाटा ३ ते ७ देस्यातिना, काळ्या मातीत पावणेतीन ते ६, गवताळ प्रदेशात याहून मोठा. शेतकरी आधीपासून कमालपेक्षा जास्त जमीन कसत असेल तर वरची जमीन जमीनदार काढून घेऊ शके. वाटे दिल्यावर जमीनदाराकडे एकूण जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा (गवताळ प्रदेशात निम्मा) उरत नसेल, तरीही कापणी करता येई. अशा कापून घेतलेल्या तुकड्यांचं प्रमाण देशभरात सरासरी पाचव्या हिश्श्याच्या आसपास होतं, काळ्या मातीच्या काही प्रांतांत बरंच जास्त. त्यातही जमीनदार नेमकं काय कापत? गुरांची पाण्यावर जायची वाट, कुरण, गावाला लागून असलेला जंगलाचा पट्टा. ती जमीन पुन्हा खंडाने घेतल्याशिवाय शेतकऱ्याचं पानही हलू नये, अशी ती निवडलेली असे.

बाजारभावाशी तुलना हवी असेल तर ही घ्या. १८५४ ते ५८ च्या भावाने शेतकऱ्यांना मिळालेल्या जमिनीची किंमत ५४.४ कोटी रूबल होते. विमोचन-रक्कम लावली गेली ८६.७ कोटी. पण प्रांतवार फोड जास्त बोलकी आहे: काळ्या मातीबाहेर १५.५ कोटींच्या जमिनीला ३४.२ कोटी, काळ्या मातीत २१.९ कोटींच्या जमिनीला ३४.२ कोटी, पश्चिमेच्या प्रांतांत १७ कोटींना १८.३ कोटी. उत्तरेकडच्या हलक्या जमिनीला दुपटीहून जास्त किंमत का लागली? कारण तिथला शेतकरी खंड भरत होता तो शेतीतून नव्हे, तर शहरातली मजुरी, विणकाम, सुतारकाम, हमाली यांतून. तो खंड भांडवलात बदलला की जमिनीच्या किमतीत त्या माणसाच्या कष्टाची किंमतही मिसळते. कायदा म्हणत होता की माणसाच्या सुटकेचा मोबदला नाही, फक्त जमिनीचा आहे. आकडे ते खोटं ठरवतात.

जमीनदाराच्याही हाती रोकड आली नाही. १८५९ साली सरकारी पतसंस्था अडचणीत आल्या होत्या आणि खजिन्यात एवढा पैसाच नव्हता, म्हणून ५ टक्के व्याजाचे रोखे दिले. ते बाजारात दर्शनी किमतीच्या खाली विकले जात. शिवाय भूदासांपैकी सुमारे दोन तृतीयांश आधीच सरकारकडे गहाण होते. ते कर्ज वळतं करूनच उरलेलं मिळे. १८७१ पर्यंत मंजूर झालेल्या ५४.३ कोटींपैकी २४.८ कोटी नुसते कर्जापोटी कापले गेले.

---

उत्तरायण

खतावणी यांनी हिशेब चोख मांडला आहे. पण एप्रिल १८६१ मध्ये हा हिशेब गावात कोणाला माहीतच नव्हता. हप्ते सुरू व्हायला अजून कितीतरी वर्षं होती. सुरुवातीचे दंगे पैशावरून झाले नाहीत. ते जाहीरनाम्यातल्या मुदतीवरून आणि जमिनीच्या मालकीवरून झाले.

क्रम असा होता. सही १९ फेब्रुवारीला झाली, पण राजधानीत आणि मॉस्कोत वाचन झालं ५ मार्चला. हा उशीर मुद्दाम केलेला होता: लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) आधीच्या सणाच्या आठवड्यात लोक पिऊन रस्त्यावर असतात, उपवास सुरू होण्याच्या सुमाराला जाहीर केलेलं बरं, असा हिशेब. जाहीरनाम्याचा मसुदा मॉस्कोचे महाधर्मगुरू फिलारेत यांनी लिहिला होता, जड धार्मिक भाषेत. तो चर्चमध्ये पाद्र्याने वाचायचा. सोबत १७ वेगवेगळे कायदे, शेकडो पानांचे. निरक्षर गावाने ते एकदा ऐकून समजून घ्यावेत ही अपेक्षाच चुकीची होती.

ऐकल्यावर जे हाती लागलं ते असं: तुम्ही आता स्वतंत्र आहात, पण दोन वर्षं, म्हणजे १९ फेब्रुवारी १८६३ पर्यंत, सगळं आहे तसंच चालेल. वेठ द्या, खंड भरा, जमीनदाराचं ऐका. घरगुती नोकर म्हणून राबणाऱ्या भूदासांना दोन वर्षांनी सुटका मिळणार, पण जमीन नाहीच. बाकीचे 'तात्पुरते बांधील' या वर्गात जाणार आणि विमोचनाचा करार होईपर्यंत त्यातच राहणार. त्या वर्गाला शेवटची तारीखच दिलेली नव्हती! वेठीला मर्यादा आली हे खरं: पूर्ण वाट्यामागे वर्षाला पुरुषांचे ४० आणि स्त्रियांचे ३० दिवस. पण त्यातले तीन पंचमांश उन्हाळ्याच्या अर्ध्या वर्षात, म्हणजे नेमके स्वतःचं पीक काढायच्या वेळी.

जमीनदाराला उद्देशून रशियन शेतकऱ्याचं जुनं म्हणणं होतं: आम्ही तुमचे, पण जमीन आमची. ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, ती मुक्तीबरोबर आपलीच होणार हे त्याने गृहीत धरलेलं. कागद मात्र उलटं सांगत होता: तुम्ही तुमचे, जमीन त्यांची, ती विकत घ्या. झार आपला असं काही करणारच नाही यावर त्याचा ठाम विश्वास होता. मग एकच निष्कर्ष उरला: खरी मुक्ती निघाली आहे, पण जमीनदार, पाद्री आणि अधिकारी यांनी ती दडवून खोटा कागद वाचला.

बेझ्दना याच ठिकाणी येतं. कझान प्रांत, स्पास्क तालुका. अंतोन पेत्रोव या जेमतेम अक्षरओळख असलेल्या शेतकऱ्याला गावाने कायद्याची प्रत दिली आणि 'खरी मुक्ती' शोधायला सांगितलं. कायद्यात जमीनदार-शेतकरी करारनाम्यांचे नमुने छापलेले होते आणि त्यांत आकड्यांच्या जागी नुसती शून्यं. त्या शून्यांत त्याला पूर्ण मुक्ती सापडली. वेठ करू नका, खंड देऊ नका, जमीन तुमची, असं तो सांगू लागला. आसपासच्या गावांतून हजारो लोक येऊन त्याच्या घराभोवती उभे राहिले. त्यांच्या हातात शस्त्रं नव्हती आणि त्यांनी कोणाचा वाडा जाळला नव्हता. ते पेत्रोवला सरकारी माणसांच्या हाती देत नव्हते, एवढाच त्यांचा गुन्हा. १२ एप्रिलला जनरल अप्राक्सिनने अनेक फैरी झाडायला लावल्या. अधिकृत नोंद ५१ मृत, ७७ जखमी. प्रत्यक्ष संख्या त्याहून बरीच मोठी होती, असंच बहुतेक इतिहासकार मानतात. पेत्रोव कायद्याची प्रत डोक्यावर धरून बाहेर आला. कागद झारचा आहे, त्यावर सैनिक गोळी झाडणार नाहीत, ही त्याची खात्री. १९ एप्रिलला त्याला गोळ्या घालून देहदंड दिला. त्याच दिवसांत पेंझा प्रांतात कंदिएवका गावीही असाच गोळीबार झाला. तिथे शेतकरी 'जमीन सगळी आमची' म्हणत लाल निशाण घेऊन फिरत होते.

त्या एका वर्षात देशभर हजाराहून जास्त ठिकाणी अशांतता नोंदली गेली. बहुतेक ठिकाणी स्वरूप एकच: वेठीला जायला नकार, सैनिकांची तुकडी, फटके, गप्प. म्हणून 'दंगे' या शब्दाने डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं ते इथे जपून वापरावं. ही मुख्यतः कामबंदी होती.

अफवा मात्र मरत नव्हती. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८६३ मध्ये, 'दुसरी मुक्ती' येणार असं गावोगाव बोललं जाई. ऑगस्ट १८६१ मध्ये पोल्तावाला खुद्द झारने गावपाटलांसमोर सांगितलं की मी दिली त्याखेरीज दुसरी कोणतीही मुक्ती येणार नाही. तरी बरेच दिवस लोक करारनाम्यावर सही करायला तयार नव्हते, कारण सही केली तर नंतरच्या खऱ्या मुक्तीतून आपण बाद होऊ ही भीती.

करारनाम्याची रीत समजली तर ही अडवणूक कळेल. एका वर्षात जमीनदाराने मसुदा करायचा: गावात १८५८ च्या शिरगणतीप्रमाणे पुरुष किती, आधी किती जमीन कसत होते, आता किती मिळणार, त्याबदली खंड किंवा वेठ किती. मग 'शांतता-मध्यस्थ' नावाचा अधिकारी गावात येऊन तो गावसभेपुढे साक्षीदारांसमक्ष वाचणार, मोजणी ताडून पाहणार, हरकती लिहून घेणार. हा मध्यस्थ स्थानिक उमरावांतूनच नेमलेला असे. आणि शेतकऱ्यांनी सही केली नाही तर? तरीही करारनामा लागू. १८६३ च्या सुरुवातीपर्यंत लागू झालेल्या करारनाम्यांपैकी जवळपास निम्म्यांवर शेतकऱ्यांची सही नाही.

---

नकाशावाला

वरच्या दोन्ही प्रतिसादांत रशिया एकसंध दिसतो. तसा तो नव्हता.

खतावणींच्या आकड्यांत पश्चिमेच्या प्रांतांत जमिनीची किंमत आणि विमोचन-रक्कम जवळपास सारखी आहे. ती सरकारची मेहेरबानी नव्हती. जानेवारी १८६३ मध्ये पोलंडमध्ये उठाव झाला आणि तो लिथुआनिया-बेलारूसमध्ये पसरला. तिथले जमीनदार पोलिश, शेतकरी बहुतेक लिथुआनियन आणि बेलारूसी. शेतकऱ्यांनी उठावकऱ्यांना साथ देऊ नये म्हणून १ मार्च १८६३ च्या हुकुमाने विल्ना, कोव्हनो, ग्रोदनो, मिन्स्क आणि विटेब्स्कच्या काही भागात तात्पुरती बांधिलकी रद्द झाली, विमोचन सक्तीचं केलं आणि रक्कम २० टक्क्यांनी उतरवली. जे रशियन शेतकऱ्याला विनवण्या करून मिळालं नाही, ते तिथल्या शेतकऱ्याला राजकारणाने एका हुकुमात दिलं. सुधारणेची किंमत किती ठेवायची हे अर्थशास्त्राने नव्हे, भीतीने ठरत होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणार नाही. खुद्द झारनेही ३० मार्च १८५६ ला मॉस्कोच्या उमरावांना हेच सांगितलं होतं: भूदासपद्धत खालून आपोआप मोडायला लागण्याची वाट पाहण्यापेक्षा ती वरून मोडलेली बरी.

दुसरं, सगळे शेतकरी जमीनदारांचे नव्हते. जवळपास तेवढेच सरकारी जमिनीवरचे होते आणि काही राजघराण्याच्या जमिनींवरचे. राजघराण्याच्या शेतकऱ्यांचा कायदा १८६३ मध्ये झाला, सरकारी शेतकऱ्यांचा १८६६ मध्ये. त्यांना जमीन जास्त मिळाली. सरकारी शेतकऱ्याचा सरासरी वाटा जमीनदाराकडून सुटलेल्याच्या दीडपटीहून मोठा होता. दोन शेजारी गावं, एक सरकारी आणि एक जमीनदाराचं, यांच्यातला हा फरक लोकांना रोज दिसत होता.

तिसरं, 'भिकाऱ्याचा वाटा'. प्रिन्स गागारिन यांच्या सूचनेने कायद्यात कलम आलं की जमीनदार आणि शेतकरी राजी असतील तर कमाल वाट्याच्या एक चतुर्थांश जमीन फुकट द्यायची आणि हिशेब कायमचा मिटवायचा. व्होल्गाकाठी आणि दक्षिणेत सुमारे ५ लाख पुरुषांनी हा वाटा घेतला. तेव्हा तिथे जमीन मुबलक होती, शेजारचं रान स्वस्तात खंडाने मिळायचं, कर्जाचं जोखड नको. निर्णय मूर्खपणाचा नव्हता. पण पुढच्या वीस वर्षांत लोकसंख्या आणि धान्याचे भाव वाढले, रेल्वे आली, खंड कडाडला, आणि हीच गावं सगळ्यात कंगाल झाली.

एक दुरुस्तीही सुचवतो. ३९२ रूबल हा कागदावरचा आकडा आहे. पूर्ण ४९ वर्षं कोणीच भरली नाहीत. २८ डिसेंबर १८८१ च्या कायद्याने हप्ते कमी झाले आणि १ जानेवारी १८८३ पासून विमोचन सगळ्यांना सक्तीचं झालं. तोवर सुमारे १५ टक्के माजी भूदास 'तात्पुरते बांधील'च होते, म्हणजे वीस वर्षांनंतरही! मग १९०५ च्या क्रांतीच्या दबावाखाली ३ नोव्हेंबर १९०५ चा जाहीरनामा आला: १९०६ साठी हप्ते निम्मे, १ जानेवारी १९०७ पासून पूर्ण बंद. तोवर थकबाकी डोंगराएवढी साचलेली होती.

आणि हे देणं एकट्या शेतकऱ्याचं नव्हतं, हे धाग्यात अजून आलंच नाही. जमीन गावसभेच्या नावावर, हप्त्याची जबाबदारी सगळ्या गावावर. एकाने बुडवलं तर शेजाऱ्याने भरायचं. म्हणून गावच माणसाला सोडायचं नाही. शहरात कामाला जायला लागणारा परवाना गावाच्या आणि तालुक्याच्या हातात. जमीनदाराची बेडी सुटली ती गावाने घातली. ही सामूहिक जबाबदारी १९०३ मध्ये सुटली, आणि तालुका-न्यायालयाने शेतकऱ्याला फटक्यांची शिक्षा देणं १९०४ मध्ये थांबलं.

---

वाचनवेल्हाळ

तिघांचेही आभार. आता एक उपप्रश्न. शेतकरी झारला आपला मानत होते, रोष जमीनदारांवर होता, असं उत्तरायण यांच्या प्रतिसादातून दिसतं. मग झारवर बॉम्ब टाकणारे कोण? आणि जिल्हा-मंडळं, ज्यूरीची न्यायालयं अशा बाकी सुधारणांचं काय झालं?

---

मसुदा

दोन असंतोष वेगळे ठेवा, नाहीतर सगळा काळ गढूळ दिसतो. १८६१ चा असंतोष गावचा होता. १८८१ चा होता विद्यापीठांतून बाहेर पडलेल्यांचा. दुसरा असंतोष पहिल्याच्या नावाने बोलत होता, पण पहिल्याने त्याला जवळजवळ कधीच ओळख दिली नाही.

सुधारणांची यादी थोडक्यात: १ जानेवारी १८६४ ला जेम्स्त्वो म्हणजे निवडून आलेली जिल्हा आणि प्रांत मंडळं (रस्ते, शाळा, दवाखाने, राजकारणाला मज्जाव), २० नोव्हेंबर १८६४ ला न्यायव्यवस्था, १८७० मध्ये नगरपालिका, १ जानेवारी १८७४ ला लष्करभरती. यातली न्यायालयीन सुधारणा मला सगळ्यात धाडसी वाटते. उघड सुनावणी, वकील, ज्यूरी, सहजासहजी हटवता न येणारे न्यायाधीश; जिथे तोवर लाच आणि बंद दारामागचे कागद हेच न्याय होते, तिथे हे एका कायद्याने आलं. लष्करी कायदा युद्धमंत्री दमित्री मिल्यूतिनचा: सगळ्या वर्गांतल्या २० वर्षांच्या तरुणांना भरती लागू, ६ वर्षं प्रत्यक्ष सेवा आणि ९ राखीव. शिक्षण असेल तर सूट. प्राथमिक शाळा झालेल्याला ४ वर्षं, विद्यापीठाच्या पदवीधराला ६ महिने. शाळेत मुलाला पाठवायचं सगळ्यात ठोस कारण या कायद्याने गावाला दिलं.

पण विद्यापीठांशी सरकारचं सुरुवातीपासून बिनसलं. १८६१ च्या शरदात फी सक्तीची केली आणि विद्यार्थ्यांच्या सभांवर बंदी आली. गरीब मुलं बाहेर फेकली गेली. पीटर्सबर्गला निदर्शनं, अटका, आणि वर्षाअखेर विद्यापीठच बंद. बेझ्दनात मेलेल्यांसाठी कझानला जी प्रार्थनासभा झाली, तिथे इतिहासाचे प्राध्यापक अफानासी श्चापोव बोलले आणि पकडले गेले. दोन असंतोषांची ती पहिली गाठ.

४ एप्रिल १८६६ ला विद्यापीठातून काढलेल्या काराकोझोवने झारवर पिस्तूल झाडलं, नेम चुकला. त्यानंतर हवा पालटली: शिक्षण खातं काउंट दमित्री टॉल्स्टॉयच्या हाती गेलं, शाळांत लॅटिन-ग्रीकचा मारा, निसर्गविज्ञानाला कात्री. १८७४ च्या उन्हाळ्यात हजारो तरुण-तरुणी शेतकऱ्यांचे कपडे घालून गावोगाव गेले, समाजवाद सांगायला. गावाने ऐकून घेतलं, काहींना पोलिसांच्या हवाली केलं. पुढे १९३ जणांवर एकत्र खटला चालला.

त्याच ज्यूरी-न्यायालयाची परीक्षा १८७८ मध्ये झाली. वेरा झासूलिचने पीटर्सबर्गचे शहरप्रमुख जनरल त्रेपोव यांच्यावर २४ जानेवारीला गोळी झाडली, कारण त्यांनी एका राजकीय कैद्याला बेकायदा फटके मारायला लावले होते. तिने गुन्हा नाकारलाच नव्हता. अध्यक्षस्थानी न्यायाधीश कोनी. ३१ मार्चला ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं. सरकारने लगेच अधिकाऱ्यांवरच्या हल्ल्यांचे खटले ज्यूरीकडून काढले आणि ऑगस्टमध्ये राजकीय पोलिसांचा प्रमुख मेझेन्त्सोव भर रस्त्यात मारला गेल्यावर असे खटले लष्करी न्यायालयांकडे दिले. स्वतः दिलेली संस्था स्वतःच्या विरोधात गेली की तिचं काम काढून घ्यायचं, ही सवय इथे पक्की झाली. माझ्या मते राजवटीची खरी हार इथे आहे, १८८१ मध्ये नाही.

१८७९ मध्ये 'नारोदनाया वोल्या' (लोकेच्छा) ही क्रांतिकारक संघटना उभी राहिली आणि तिने झारच्या वधाचा ठराव केला. नोव्हेंबरमध्ये मॉस्कोजवळ रेल्वेखाली सुरुंग. उडाली ती दुसरीच गाडी. ५ फेब्रुवारी १८८० ला सुतार म्हणून कामाला लागलेल्या खाल्तूरिनने हिवाळी राजवाड्याच्या तळघरात डायनामाइट उडवलं. ११ जण ठार, सगळे पहाऱ्याच्या बाजूचे, आणि झारला इजा नाही. मग जनरल लोरिस-मेलिकोवला जवळपास सर्वाधिकार मिळाले. एका हाताने धरपकड, दुसऱ्या हाताने सवलती. आणि त्याचा प्रस्ताव असा की जेम्स्त्वो आणि शहरांच्या प्रतिनिधींना कायद्यांच्या मसुद्यांवर सल्ल्यासाठी बोलवावं. ती संसद नव्हती, पण दार किलकिलं झालं असतं. १ मार्च १८८१ ला सकाळी झारने तो मान्य केला आणि ४ मार्चला मंत्र्यांची बैठक ठरवली. दुपारी कॅथरिन कालव्याकाठी रिसाकोवचा पहिला बॉम्ब पडला. गाडी फुटली, झार वाचला. जखमींना पाहायला तो खाली उतरला आणि ग्रिनेवित्स्कीने दुसरा बॉम्ब थेट पायाशी टाकला.

---

उत्तरायण

मसुदा यांनी 'ओळख दिली नाही' म्हटलं त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तोच त्यांचं म्हणणं सिद्ध करतो. १८७७ मध्ये कीव प्रांतात चिगिरिनला स्तेफानोविच हा क्रांतिकारक आणि त्याच्या साथीदारांनी सुमारे हजारभर शेतकरी गुप्त संघटनेत गोळा केले. कसे? झारच्या नावाने बनावट 'गुप्त सनद' छापून. तीत लिहिलेलं: मी जमीन तुम्हाला दिली होती, उमराव मला ती देऊ देत नाहीत, तुम्हीच उठा. शेतकऱ्यांनी शपथा घेतल्या, भाले जमवले. सोळा वर्षांपूर्वी पेत्रोवने ज्या विश्वासाने कायद्याची प्रत डोक्यावर धरली होती, तोच विश्वास क्रांतिकारकांनी इथे उसना घेतला. दारूच्या गुत्त्यात एकाचं तोंड सुटलं आणि कट फुटला. क्रांतिकारकांच्याच गोटातल्या अनेकांना ही फसवणूक अजिबात पटली नव्हती.

---

नकाशावाला

मारेकऱ्यांचा हिशेब चुकला तो नेमका इथेच. झार मेला की गावं उठतील, अशी त्यांची अपेक्षा. उठलं काहीच नाही. जमीनदारांनी जमीन परत हडपण्यासाठी झारला मारलं, अशी अफवा कित्येक गावांत पसरली. दक्षिणेत एलिसावेतग्रादपासून एप्रिलमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि ते कीवपर्यंत पसरले. मारेकऱ्यांत गेस्या हेल्फमन ही एक ज्यू स्त्री होती, तेवढं निमित्त पुरलं. ३ एप्रिलला पाच जणांना फाशी झाली, त्यांत कटाची सूत्रं हलवणारी सोफिया पेरोव्स्काया. गरोदर असल्याने हेल्फमनची फाशी टळली. २९ एप्रिलला नव्या झारने, तिसऱ्या अलेक्झांडरने, निरंकुश सत्ता अबाधित ठेवण्याचा जाहीरनामा काढला. तो त्याचा कट्टर परंपरावादी सल्लागार पोबेदोनोस्त्सेवने लिहिलेला. लोरिस-मेलिकोवने लगेच राजीनामा दिला आणि ज्यावर सकाळी संमती मिळाली होती तो प्रस्ताव कायमचा फायलीत गेला.

वाचनवेल्हाळ, पुढे खोलात जायचं असेल तर एकाच प्रांताचा करारनामा-नमुना घेऊन वर खतावणींनी दाखवलेलं गणित त्यावर करून पाहा. जमीन किती कापली, पहिल्या देस्यातिनावर किती पडलं, सरकारने किती दिलं आणि गावाने थेट किती द्यायचे, हे चार आकडे काढले की त्या गावाने सही का नाकारली ते कळतं.